वानराचा खांदेकरी

"सायबानू, तुमी थंयच उभे ऱ्हवा," रामा गवस मला म्हणाले. "आबा आंघोळीक गेले हत. तेच येवन पयलो हात लावतले. तेच्या आधी कोणी शिवाचा नाय."

देवळाच्या खालच्या पायरीवर ते वानर पडलं होतं. चांगला थोराड नर. काळं तोंड एका बाजूला कललेलं, शेपूट पायरीवरून खाली लोंबत असलेली. वार शनिवार, देऊळ मारुतीचं आणि मेलेलं वानर त्याच्याच दारात. यापेक्षा वाईट योग मला पंचांग घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि आरोग्य खात्यात कीटक समाहारक होतो. हुद्दा ऐकून लोक दबकायचे आणि काम ऐकून हसायचे. जंगलात जायचं, गोचिडी गोळा करायच्या, बाटलीत भरायच्या आणि तपासणीला पाठवायच्या, एवढंच ते काम. मूळचा मी तासगावकडचा. सिंधुदुर्गातल्या त्या डोंगराळ भागात बदली होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि करमळगाळू गावाने तेवढ्यात माझं गोचीडमास्तर असं बारसंही करून टाकलं होतं. मला त्याचा राग यायचा. शिकलेल्या माणसाला लवकर राग येतो, आणि मला आपण फार शिकलोय असं वाटायचं.

त्या हंगामात आमच्या भागात माकडताप आला होता. जंगलातल्या गोचिडींमधून तो आधी माकडांना होतो, माकडं पटापट मरतात, आणि मग माणसांची पाळी येते. वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गार पडलेलं अंग सोडतात आणि जवळ जे ऊबदार अंग सापडेल त्याच्यावर चढतात. म्हणून नियम साधा होता. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, आम्हाला कळवायचं.

आणि करमळगाळूची रीत अशी की वानर म्हणजे मारुतीचा जीव. गावात वानर मेलं की त्याला माणसासारखा निरोप द्यायचा. गुरवाने पहिला हात लावायचा, न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, आणि मग त्याला खांद्यावर घेऊन गावाच्या सीमेपर्यंत न्यायचं.

पौष महिन्यात असंच एक वानर मेलं होतं. त्याला खांदा दिला होता गुरवाच्या मुलाने, दिगूने. पाचव्या दिवशी दिगूला ताप भरला आणि चौदाव्या दिवशी तो गोव्याच्या इस्पितळात वारला. चौतीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात वाडीतल्या आणखी सहा जणांना ताप आला, त्यांतली एक म्हातारी गेली. तपासणीत सगळ्यांचा माकडतापच निघाला. मग मी गावात सभा घेतली, भिंतीवर गोचिडींची मोठी मोठी चित्रं दाखवली. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतलं, मला कोकम सरबत पाजलं आणि घरी जाऊन स्वतःचा निष्कर्ष काढला. पौषातल्या वानराचा निरोप घाईत झाला होता, ढोलवाले लग्नाला गेले होते, नवं वस्त्र मिळालं नव्हतं. रीत चुकली, देव कोपला, म्हणून ताप आला.

म्हणून या वेळी कसलीही कसूर ठेवायची नाही असं ठरलं होतं. ढोल आला होता. नवं पांढरं वस्त्र आलं होतं. गावच्या बेचाळीस घरांतून प्रत्येकी एक पुरुष आळीपाळीने खांदा देणार होता आणि सवाष्णी ओवाळणार होत्या. हे सगळं मला गावातल्या आशा सेविकेने, स्नेहलने, सकाळी फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सर, बेगीन येवा. माझो घोव पण त्या बेचाळिसात असा."

मी मोटरसायकलवरून अकरा किलोमीटर कसा आलो ते मला आठवत नाही. येऊन बघतो तर शंभरेक माणसं पटांगणात, आणि पायरीपासून पहिली रांग जेमतेम पाच-सहा हातांवर. मी आधी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. कोणी हललं नाही. मग मी रामा गवसांना गाठलं. गावचे मानकरी ते, त्यांच्या शब्दावर गाव उठतं-बसतं. मी त्यांना विषाणू सांगितला, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, शासनाचं परिपत्रक सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "तुमचो तो किडो माका कित्या दिसना नाय?"

मी चिडून बाजूला गेलो आणि स्नेहलला म्हणालो की तालुक्याला फोन करतो, पोलीस बोलावतो. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तिने मला असं पाहिलं की मी फोन परत खिशात ठेवला. म्हणाली, पोलीस इले तर हो एक वांदर तुमका मिळात. पुढचो मरात तेका हे गुपचूप नेऊन पुरतले, तुमका पत्तोच लागाचो नाय. मग काय करू, मी विचारलं. तिने देवळामागच्या वाटेकडे बोट केलं. सगुणआबा गुरव आंघोळ करून येत होते.

सगुणआबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. माझ्या सभेच्या वेळी ते सुतकात होते. सत्तरीचे, काटक, ओला पंचा नेसलेले, हातात तांब्या. ते आले तशी गर्दीने वाट दिली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा परिपत्रक विसरलो. "आबा, मला फक्त दहा मिनिटं द्या," मी म्हणालो. "तोवर त्याला हात लावू नका. दहा मिनिटांनंतर तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वानराकडे. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "करा."

गोचिडी गोळा करायची आमची पद्धत अगदी अडाणी वाटावी अशी असते. एका काठीला पांढऱ्या फलालीनचा वार-दीड वार तुकडा बांधायचा आणि तो जमिनीवरून, पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचा. बस्स. मी बूट चढवले, हातमोजे घातले, अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल चोपडलं आणि पायरीजवळच्या फणसाखाली, जिथे ते वानर बहुधा रात्रीच झाडावरून पडलं होतं आणि मग सरपटत देवळापर्यंत आलं होतं, तिथे ते कापड ओढायला लागलो. मागे कोणीतरी म्हणालं, मास्तर देवाक झाडू मारतासा. लोक हसले. मला मात्र धास्ती होती, कारण कधी कधी सबंध सकाळ ओढूनही कापडावर काहीच येत नाही. तसं झालं असतं तर बेचाळीस घरांना मीच त्या वानराखाली पाठवलं असतं.

दोन फेऱ्या मारून मी कापड उचललं, गर्दीपासून लांब एका मोकळ्या कातळावर पसरलं आणि त्यावरचं काही बाहेर पडू नये म्हणून कडांना चिकटपट्टी लावली. आबांना बोलावलं. रामा गवसही आले.

"खसखस सांडलेली हा," रामा गवस म्हणाले.

"जरा वाकून श्वास सोडा, आबा," मी म्हणालो. "हात लावू नका. फक्त श्वास."

आबा वाकले आणि त्यांनी कापडाच्या एका कोपऱ्यावर हळूच श्वास सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती खसखस जागी झाली. एकेक कण हलला, पुढचे पाय वर करून हवेत चाचपू लागला, आणि मग ते सगळे कण, साठ-सत्तर तरी असतील, त्यांच्या तोंडाच्या दिशेने चालायला लागले. आबांनी तोंड दुसऱ्या बाजूला नेलं आणि तिकडे श्वास सोडला. कण थांबले, चाचपले आणि वळून तिकडे निघाले.

मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, प्रयोगशाळेत, भिंगाखाली, वहीत नोंद करत. पण त्या कातळावर, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासामागे ते कण वळताना पाहून माझ्या अंगावर काटा आला. रामा गवस दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या मागून बघायला आलेले लोकही सरकले.

आबा सरकले नाहीत. त्यांनी विचारलं, "मेल्या जिवाक हे सोडतत?"

"हो. अंग गार पडलं की सोडतात."

"आणि खांद्यार घेतलो तर?"

"तर मानेवर चढतात. केसांत शिरतात, कानामागे. चावलेलं कळतही नाही."

"कानाच्या फाटल्यान," आबा म्हणाले, आणि बराच वेळ कापडाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, पटलं. मी मनात खूश झालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला दुसरं काहीही सुचलं नाही. एका रूढीवर विज्ञानाने मात केली आणि ती माझ्या फलालीनने केली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रामा गवसांनी घसा खाकरला. म्हणाले की किडो खरो असा, पण रीत मोडूची तर देवाक इचारूक व्हया. कौल लावया. कौल म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहून देवाचा होकार-नकार समजायचा. मी घाबरलो. माझी इतकी मेहनत आणि आता एका पाकळीवर सगळं.

"कौल नको," आबा म्हणाले. "ज्याचा उत्तर माका म्हायत असा, ता देवाक कित्या इचारू? गाऱ्हाणा घालतंय."

ते पायरीपासून चांगले लांब, पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. गाव त्यांच्यामागे गेलं. त्यांनी देवळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि सुरू केलं. गाऱ्हाणं मी आधी ऐकलं होतं. गुरव देवाशी बोलतो आणि प्रत्येक वाक्यानंतर गाव हुंकार देतं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," शंभर आवाज आले.

"आज तुजो जीव तुज्या पायरेर येवन पडलो. तेका निरोप देवक तुजी लेकरां जमली हत म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"पुष म्हयन्यात असोच तुजो एक जीव गेलो. तेका मी न्हाणलंय, मी उचललंय, आणि माज्या झिलाच्या खांद्यार माज्या ह्या हातांनी ठेवलंय म्हाराजा."

"होय म्हाराजा," पण आता आवाज विरळ झाले होते.

"गाव म्हणता, रीत चुकली म्हणान तू कोपलंस. देवा म्हाराजा, रीत चुकाक नाय. ढोल नव्हतो म्हणान दिगू जावक नाय. तू कोपाक नाय. तुज्या जिवाच्या अंगार किडो होतो आणि तो माका दिसाक नाय. माजो झील माज्या हातान गेलो म्हाराजा. हेचो बोल गावार नको, तुज्यार नको, त्या मुक्या जिवार नको. माज्यार असां दे."

कोणी हुंकार दिला नाही. ढोलवाल्याने ढोल हळूच जमिनीवर टेकवला.

तेव्हा मला कळलं मी काय मागितलं होतं. इतके दिवस मी समजत होतो की या म्हाताऱ्याने एक रीत सोडावी एवढंच माझं मागणं आहे. देव कोपला असं मानलं असतं तर दिगू देवाने नेला होता आणि बापाला रात्री निजता आलं असतं. माझा किडा खरा मानायचा तर दिगूला त्याच्या बापाने वानराखाली उभा केला होता. मी चित्रं दाखवली, आकडे सांगितले, आणि हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. त्या माणसाने ते कातळावर उभ्या उभ्या, एका कापडाकडे बघत उचललं होतं आणि आता गावासमोर बोलून दाखवत होता. इतकं मोठं धाडस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही.

"आजपासून," आबा म्हणाले, "ह्या गावात तुज्या जिवाक उघड्या अंगान कोणी शिवाचो नाय. चाळीस पावलार उभे ऱ्हवान निरोप देतले. ह्येच्यात काय उणा पडला तर ता तू पुरा करून घे म्हाराजा."

रीतीप्रमाणे हुंकार पुरुषांनी द्यायचा असतो. पण पहिला आवाज बायकांच्या बाजूने आला, एकटा, स्पष्ट.

"होय म्हाराजा."

ती विशाखा होती, दिगूची बायको. आबांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांचे जोडलेले हात हलले. मग रामा गवस म्हणाले, होय म्हाराजा, आणि मग सगळं पटांगण म्हणालं.

त्यानंतरची अडचण मला सुचलीच नव्हती, ती आबांना सुचली. खांद्याशिवाय निरोप कसा? त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पांढऱ्या अंगरख्याकडे बोट दाखवलं. डोक्यापासून पायापर्यंतचा तो संरक्षक पोशाख मी आणला होता.

"त्येच्यात किडो शिरता?"

"नाही शिरत."

"मगे आज तुमीच खांदेकरी."

रामा गवस म्हणाले, पण हे परगावचे, रीतीत बसतला काय? आबा म्हणाले, गावाच्या कामाक इलो तो गावचो. विषय तिथेच संपला.

दुपारी पशुवैद्यक येऊन नमुने घेऊन गेले. मग मी तो पोशाख चढवला, वानराला नव्या वस्त्रात आणि वर जाड पिशवीत गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. फार जड नव्हतं ते. उन्हात आत घामाच्या धारा लागल्या होत्या, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि चाळीस पावलं मागे ढोल वाजत होता. सीमेवर सुक्या लाकडांवर ठेवून मी त्याला अग्नी दिला. देवळाभोवती आणि फणसाखाली मी कीटकनाशकाची पांढरी भुकटी टाकली. ही कित्या, आबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी गावाकडे वळून सांगितलं की ही देवाची रेघ, ओलांडूची नाय. माझ्या सूचनाफलकांकडे तीन महिन्यांत कोणी बघितलं नव्हतं. ती रेघ पंधरा दिवस कोणी ओलांडली नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या निरोपातून गावात कोणालाही ताप आला नाही. शेजारच्या तीन गावांनी हीच रीत उचलली. गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो, तर चहाच्या टपरीवर एका तरण्या पोराने मला मोठ्या अभिमानाने ऐकवलं की आमच्याकडे वांदराक चाळीस पावलांवरसून निरोप देतत, वाडवडिलांपासूनची रीत असा. मी म्हटलं, असेल.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. आबांनी मला घरी नेलं. मी विहिरीवर दोनदा आंघोळ केली आणि त्यांच्या पडवीत येऊन बसलो. आत विशाखाची भांडी वाजत होती. आबा भिंतीला टेकून बसले होते. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिगूक ताप इलो, तेच्या आदल्या दिसा तेच्या कानाच्या फाटल्यान मी नखान एक काळी खपली काढलंय. बारीकशी. तीच ती?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि कागदावर ते चुकीचंही नव्हतं. "नक्की कोणालाच सांगता येणार नाही, आबा," मी म्हणालो. "काजूला मोहोर आला होता. दिगू बागेतही जात असणार. तिथूनही चढू शकते. तशी उदाहरणं आहेत."

ते मी थांबेपर्यंत थांबले.

"सकाळधरना तुमी सगळा खरा सांगलास, म्हणान गावान ऐकला," ते म्हणाले. "आता माका बरा वाटाचा म्हणान येगळा सांगा नकात."

आतली भांडी वाजायची थांबली होती.

"तीच असणार," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. अंगणात कोंबड्या चरत होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले. मी उठून जावं की बसावं मला कळेना. मग त्यांनी आत तोंड वळवून सुनेला हाक मारली.

"गे विशाखा, दोन पानां वाढ. हेंका उपाशी धाडूचा नाय."

ती आली आणि तिने दोन पानं मांडली. कुळथाची पिठी होती, भात होता, भाजलेला सुका बांगडा नव्हता कारण शनिवार होता. आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो. आबा स्वतः फार जेवले नाहीत, पण माझ्या पानाकडे बघून दोनदा म्हणाले, वाढ तेंका. आणि ती दोन्ही वेळा वाढायला आली.